तीन मिनिटं आणि एक टॉवेल

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पाळी सुटायच्या सुमारास सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या डाइंगच्या मागच्या नळापाशी थोडा वेळ थांबलं, की आजचा विषय आपोआप समोर येतो. सूत रंगवणारा माणूस बाहेर येतो तेव्हा त्याचे हात मनगटाच्या वरपर्यंत निळे असतात, नाहीतर लाल. त्या दिवशी ज्या रंगाच्या लड्या निघाल्या, तो रंग. आधी तो अंगाचा साबण लावतो. काही फरक पडत नाही. मग कपड्यांची वडी. तरीही नखांच्या कडेला आणि तळव्याच्या रेषांत रंग बसलेलाच. शेवटी तो डब्यातली चिमूटभर ब्लीचिंग पावडर ओल्या हातावर घेतो आणि खसाखसा चोळतो. कुठे पावडरीऐवजी रंग उतरवायचं हायड्रो असतं, कुठे कॉस्टिक सोड्याचं पाणी. दोन मिनिटांत हात माणसात येतात. जेवणाच्या ताटावर निळे हात कुणालाच नको असतात, आणि रिक्षाही गाठायची असते.

‘धावपळीतली त्वचेची निगा’ असा विषय पत्रिकेवर दिसला की लोकांच्या डोळ्यांपुढे आरसा आणि बाटल्यांची रांग उभी राहते. सोलापुरात मात्र हा विषय त्या नळापासून सुरू करावा लागतो. कातडीला दिवसाकाठी तीन-चार मिनिटं पुरतात, आणि तेवढी कुणालाही काढता येतात. खरं नुकसान करतात ते वेळ वाचवायला शोधलेले झटपट उपाय. पावडर हा त्यातला एक, मेडिकलमधली ट्यूब हा दुसरा.

नळावरच्या त्या माणसाचा रंग साबणाने का जात नाही, हे त्याच्याच धंद्यात लिहिलेलं आहे. टॉवेलच्या सुताला आज बहुतेक ठिकाणी रिॲक्टिव्ह रंग देतात. हा रंग धाग्याला नुसता चिकटत नाही. सोडा किंवा कॉस्टिक घातलेल्या पाण्यात तो कापसाशी रासायनिक बंधाने जोडला जातो. म्हणून तर टॉवेल पन्नास धुण्यांनंतरही रंग सोडत नाही. कातडीतल्या प्रथिनांशीही तो तसाच जोडला जातो. ज्या गुणासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं, तोच गुण हातावर उतरतो. हा रंग धुऊन जात नाही, वरची कातडी झडेल तसा तिच्याबरोबर जातो, आणि ती तर रोज थोडी थोडी झडतच असते. आठवडाभर थांबलं की काम होतं. पावडर रंग मोडते हे खरं, पण सोबत कातडीही मोडते.

मोडते म्हणजे काय, तेही पाहू. त्वचेचा सगळ्यात वरचा, शरीराचं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारा थर अंगावर बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा ते वीस मायक्रॉनचा असतो. चादरीतला एक धागा त्याच्या कितीतरी पट जाड. मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे गिलावा, अशी त्याची रचना. थर स्वभावाने किंचित आंबट, पीएच पाचच्या आसपास. वडीचा साबण नऊ-दहाचा, कॉस्टिकचं पाणी त्याच्याही पुढे. गिलावा विरघळला की आतलं पाणी उडतं, बोटांच्या पेरांवर बारीक भेगा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगांतून रंग नि रसायन आत जातं. मग खाज, मग लाली, मग पाणी सुटणारं इसब. डाइंगमधला माणूस ‘हाताला रंग बाधला’ म्हणतो. पुष्कळदा बाधलेला असतो हात धुण्याचा प्रकार.

यावर उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटावा. कामावर उतरण्याआधी हातांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. रंगाच्या टाकीपाशी आत सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे. पण मोज्यात पाणी शिरलं तर तो लगेच काढायचा, कारण आत कोंडलेलं रसायन उघड्या हातापेक्षा जास्त भाजतं. फिरत्या मागापाशी तर मोजा घालायचाच नाही. तिथे तो बोटांसकट ओढला जातो. सुटताना आधी खोबरेल तेल चोळायचं, मग साधा साबण. उरलेला रंग राहू द्यायचा.

साबणाबद्दल एक गोष्ट वेष्टनावरच छापलेली असते आणि कुणी वाचत नाही. भारतीय मानकानुसार ‘टॉयलेट सोप’च्या तीन प्रती आहेत. साबणातला स्निग्धांश, म्हणजे टीएफएम, पहिलीत किमान ७६ टक्के, दुसरीत ७०, तिसरीत ६०. ‘बेदिंग बार’ हा निराळा वर्ग, त्याला याहून कमी चालतो. टीएफएम जास्त म्हणजे साबण सौम्यच असं नाही, पण भराव्याचं सामान कमी एवढं नक्की. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कातडीवर चिकट पांढरा साका बसतो, आणि माणूस अजून साबण लावतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. बाकीचे दिवस अनेक घरांत बोअरच. अशा वेळी साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता ठेवावा. पाठीला, नडगीला रोज साबणाची गरज नसते.

आता टॉवेल. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोघांना भौगोलिक मानांकन आहे. अर्ध्या देशाची अंगं या गावाने पुसली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती माफ व्हावी. आणि तेच गाव अंग पुसतं कसं, तर पाठीमागे दोन्ही टोकं धरून, पोतं घासावं तसं. टेरीच्या विणीत दोन्ही बाजूंना ताण्याचे उभे फासे सोडलेले असतात ते पाणी शोषायला. नुसता टेकवला तरी टॉवेल आपलं काम करतो. टेकवून टिपायचं आणि अंग जरा दमट असतानाच तेल किंवा मलई लावायची. अंघोळीनंतरची पहिली तीन मिनिटं महत्त्वाची, कारण कातडीने घेतलेलं पाणी तेवढ्यातच उडायला लागतं. वरून तेलाचा पडदा आला की ते आत राहतं.

तेल कुठलं, यावर घरोघरी वाद. फिलिपीन्समध्ये २००४ साली कोरड्या त्वचेच्या ३४ जणांवर एक चाचणी झाली. काहींनी पायांना खोबरेल लावलं, काहींनी मिनरल ऑइल, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. दोघांचा गुण सारखाच आला. उलट २०१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांना असं दिसलं, की ऑलिव्ह तेल वरच्या थराची वीण उसवतं, सूर्यफुलाचं तेल उसवत नाही. परदेशी बाटलीसाठी पैसे साठवणाऱ्या ताईंनी ही बातमी जरूर शेजारणीला सांगावी. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर मात्र खोबरेल तिथे नको, कारण ते रंध्रं बुजवतं. चेहऱ्यासाठी बिनवासाची, जेलसारखी हलकी मलई बरी. तेल थापून पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात उभं राहिलं तर घामोळं आलंच समजा. उन्हाळ्यात तेल रात्री, हिवाळ्यात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दोन्ही वेळा. टाचांना जेली आणि वर जुने मोजे, हे बाराही महिने.

ऊन हा सोलापूरचा दुसरा नळ, हा मात्र चोवीस तास चालू असल्यासारखा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच नाहीशी होते. त्या दिवसांत दुचाकीवरून शहरातून एमआयडीसीत येणाऱ्याच्या हातांवर बाहीची रेघ चादरीच्या किनारीसारखी उमटते. सनस्क्रीन चांगलीच. एसपीएफ ३० ची मलई जळजळ करणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० ची सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. मात्र चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघा निघतील इतकी लावली तरच हा आकडा खरा. लोक वाटाण्याएवढी लावतात, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावायची असते हे विसरतात. ज्याला हे परवडत नाही त्याने लांब बाहीचा सुती शर्ट, कडा असलेली टोपी आणि छत्री यांवर भरवसा ठेवावा. गांधी टोपी डोकं झाकते, नाक नाही. डोक्यावरून पुढे ओढलेला पदर तिच्यापेक्षा उजवा.

उन्हात चेहरा पोळतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांत काहींचा दोषी वेगळाच असतो. एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर कमरेइतकं वाढणारं गाजरगवत. ही वनस्पती भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती पुण्यात, १९५० च्या दशकात. संशोधक लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तिच्यामुळे होणाऱ्या त्वचादाहावर शोधनिबंध लिहिला, तोही पुण्याच्याच रुग्णांवरून. गवतातलं पार्थेनिन हे रसायन वाळलेल्या कणांबरोबर वाऱ्यावर उडतं आणि पापण्या, मानेच्या वळ्या, कोपराच्या खोबणी अशा जागी बसतं. पापण्या जाड, काळ्या आणि सतत खाजऱ्या झाल्या, गवताच्या दिवसांत त्रास वाढला, तर सनस्क्रीन बदलत बसू नये. गवत फुलावर येण्याआधी उपटावं, हातमोजे आणि लांब बाही घालून, आणि ज्याला त्रास आहे त्याने स्वतः उपटू नये.

आता ती ट्यूब. घाम, ओले कपडे आणि घट्ट पँट यांमुळे जांघेत नायटा होतो. दवाखान्यात जायचं तर अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून माणूस मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. मिळते ती बहुतेक वेळा तिहेरी भेळ: बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि तिखट स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज गायब, माणूस खूश. स्टिरॉइडने लाली दाबली, बुरशी मात्र आत पसरत राहिली. महिन्याभरात तो कमरेपासून पोटापर्यंत वर्तुळात वर्तुळं घेऊन हजर. औषधाला दाद न देणाऱ्या नायट्याची साथ गेलं दशकभर देशभर चालली आहे, आणि तिच्या मुळाशी या ट्यूबांचा मोठा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. २०११ साली भारतातल्या अनेक केंद्रांच्या एकत्रित पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. मार्च २०१८ मध्ये केंद्राने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. काउंटरवर बंदी किती उतरली, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावं.

गोरेपणाच्या क्रीमचा प्रकार याहून गंभीर. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तिघी स्थानिक पार्लरमधून आणलेली क्रीम वापरत होत्या, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. कपाळावरची टिकली काढल्यावर काहींना तिथेच पांढरा डाग दिसतो, तोही क्रीमने बुजवायचा नसतो. तो टिकलीच्या डिंकातल्या रसायनाचा असू शकतो. टिकली थांबवून सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवावं. कामगार विम्याचं कार्ड असेल तर होटगी रोडचं ईएसआयचं रुग्णालय आहेच. तिथे गेलेला अर्धा दिवस नंतरचे कित्येक रोज वाचवतो.

एक गोष्ट मालक मंडळींसाठी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमाने कामगारांना हातपाय धुण्याची पुरेशी, स्वच्छ सोय देणं मालकावर टाकलं, आणि रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत घातला. नळाशेजारी साबणाची वडी आणि खोबरेलाची बाटली ठेवायला मशीन घ्यावं लागत नाही. पावडरीचा डबा हाताशी आणि साबण कुलपात, हे चित्र बदलायला एक चावी पुरेल.

एमआयडीसीवरून अक्कलकोट रोडनेच पुढे गेलं की कुंभारी लागते. विडी कामगार बायांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत इथली. दहा हजार घरांची, २००६ सालची. नंतर शेजारी रे नगर आलं, तिथल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. इथल्या बाईचा दिवस हजार विड्यांनी मोजला जातो. भिजवलेलं पान फर्म्यावर ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याने बांधायचं. अंगठा नि तर्जनी दिवसभर ओल्या पानात आणि कोरड्या तंबाखूत. पेरं काळी पडतात, घट्टे येतात, नखाची कड चिरते, आणि त्या चिरेतून निकोटिन आत जातं. विडी वळणाऱ्या बायांच्या लघवीत निकोटिनपासून बनणारं कोटिनिन जास्त सापडल्याचं मुंबईच्या संशोधकांनी नव्वदीच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं.

तिला ‘दिवसातून तीनदा हाताला क्रीम लावा’ सांगणं म्हणजे थट्टा. बोटाला तेल असेल तर पान सरकतं, विडी सैल होते, आणि सैल विडी कारखान्यात छाटात जाते, पैसे तिचेच कापले जातात. म्हणून तिच्या तीन मिनिटांची जागा दिवसात एकच आहे. माल देऊन, नवीन पानं नि तंबाखू घेऊन ती घरी येते, सूप भिंतीला टेकवते, हात कोपरापर्यंत धुते, नखांत ब्रश फिरवते. लेकराला जवळ घ्यायच्या आधीची ही वेळ. टॉवेलने टिपून पेरांवर आणि नखांच्या मुळाशी थेंबभर खोबरेल, झोपताना पुन्हा एकदा. सकाळी सूप मांडीवर घेताना बोटं कोरडी हवीत, हे तिला कुणी सांगायला नको.