नकाशावरचा ठिपका



पक्षी कुठे आढळतात याच्या नकाशांसाठी आलेल्या नोंदी मी स्वयंसेवक म्हणून तपासतो. "एवढी चौकशी कशाला?" असं लोक विचारतात. त्यांना मी रानपिंगळ्याची हकिगत सांगतो.

हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाच्या हाती लागलं नव्हतं. नोंद मात्र होती, १९१४ ची, गुजरातमधल्या मांडवीची. शोधणारे तिकडेही फिरले. पुढे कळलं, मायनर्ट्झहागेन नावाच्या संग्राहकाने संग्रहालयातला जुनाच नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती! ती नोंद बाद करून पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या नमुन्यांच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. नंतर मेळघाटात, तानसातही सापडला.

खोटा ठिपका रिकाम्या जागेपेक्षा वाईट. जिथे पक्षी नाही तिथे आपण शोधतो आणि जिथे आहे ते जंगल राखायचं राहून जातं.

म्हणून मुलांनो, गच्चीवरून पक्षी दिसला की तारीख, वेळ, जागा लिहा. नाव येत नसेल तर 'ओळखला नाही' असं लिहा. तीही खरी नोंदच आहे.