पाटीमागची माणिकबाग



परवा संध्याकाळी उज्जैनच्या टावर चौकात गप्पा रंगल्या होत्या. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचा विषय निघाला, तसा एक मित्र म्हणाला, "माणिकबाग? अहो, ते तर एक्साइजचं ऑफिस!" त्याचं काही चुकलं नव्हतं. केंद्रीय उत्पादन शुल्क आणि आता जीएसटी, हे खातं तिथंच आहे. पण आपण उज्जैनकर पडलो शिंदेशाहीतले; होळकरांच्या घरात काय होतं, ते कधी विचारलंच नाही.

हे घर रचणारा वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस १९०४ साली बर्लिनला जन्मला. वडील हर्मान हे नावाजलेले वास्तुविशारद. ऑक्सफर्डला एकार्टची इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्याशी गाठ पडली. १९३० साली महाराजांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले आणि त्यांनी माणिकबागेचं काम या विशीतल्या दोस्तावर सोपवलं. महाराज स्वतःही तेव्हा विशीतलेच होते, आणि महाराणी संयोगिताराजे कागलच्या घाटग्यांची लेक.

मुथेसियसनं घुमट नाकारले, कमानी नाकारल्या. बाहेरून साध्या, सरळ रेषा; आत काच, धातू आणि प्रकाश. वाचनालयातल्या खुर्चीचंच बघा. लाल रेक्झिनची ऐसपैस खुर्ची आणि दिवे तिच्या पाठीतच बसवलेले. पुस्तक घेऊन बसा, उजेड तुमच्याकडे येईल! पॅरिसच्या रूलमान, आयलीन ग्रे अशा नामवंतांच्या वस्तूही त्यानं इथं आणल्या. महाराजांचा रेल्वेचा सलूनसुद्धा त्यानंच सजवला.

१९३७ साली संयोगिताराजे गेल्या. १९३९ साली, महायुद्धाच्या तोंडावर, मुथेसियस बर्लिनला परतला. पुढे तो दीर्घकाळ जगला, पण जगानं त्याला ओळखलं ते माळव्यातल्या या एका घरामुळे.

१९८० साली मोनॅकोत माणिकबागेच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा तो हयात होता. खुर्ची एकीकडे गेली, दिवा दुसरीकडे. भाव भरपूर आला असेल. पण जे घर दाराच्या मुठीपासून गालिच्यापर्यंत एकत्र विचार करून उभारलं होतं, ते मोडलंच. माझ्या मते, संसार विकताना घराचा अर्थही विकला गेला.

भिंती मात्र इंदूरलाच आहेत, आपल्यापासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर. पुढच्या वेळी तिकडून जाल, तेव्हा ऑफिसची पाटी वाचून पुढं निघू नका. घटकाभर थांबा आणि पाटीमागचं घर बघा.