तेलाची निवड कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. या रोग्यांना हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणूनच त्यांच्या कढईतील तेलाचा विचार आवश्यक ठरतो.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा असते. तेव्हा डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापणारा उत्पादक आपल्याला नवे काहीच सांगत नाही. खरा प्रश्न मेदाम्लांचा आहे. संपृक्त मेदामुळे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल शोषून घेण्याची यकृताची शक्ती मंदावते. त्याच्या जागी असंपृक्त मेद आला की ते कोलेस्टेरॉल उतरते. पामतेलात संपृक्त मेद जवळजवळ निम्मा असतो, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा, तर करडईच्या तेलात सुमारे दहावा.

आता इन्सुलिनविषयी. युरोप व ऑस्ट्रेलियातील १६२ निरोगी स्त्री-पुरुषांना तीन महिने ठरावीक आहार देऊन केलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. संपृक्त मेदाच्या आहाराने इन्सुलिनचा प्रभाव घटला. असंपृक्त मेदाच्या आहाराने तो घटला नाही. मात्र ज्यांच्या आहारात एकूण मेदच फार होता, त्यांना हा लाभ मिळाला नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे: तेल बदलावे आणि बेतानेही वापरावे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमात ९ उष्मांक असतातच. औषध मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून सोडू नये.

परंतु हा सल्ला पाळणे कोणाला परवडते? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे. ते स्वस्त, म्हणून तेच गरिबाच्या घरी जाते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत रवा व चणाडाळ यांच्यासोबत एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल दिले. सण गोड व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण त्या घरातील मधुमेह्याचा विचार त्यात कोठे होता? इकडे सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात पिकणारी करडई मागे पडत गेली.

शासनाला हस्तक्षेप करता येत नाही असे नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद घातक कोलेस्टेरॉल वाढवतो व हितकारक कोलेस्टेरॉल घटवतो. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व वनस्पती यांतील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्याचे बंधन कायद्याने घातले गेले. मग करडई-शेंगदाण्याची हमीभावाने खरेदी करून तेच तेल रास्त भाव दुकानांत का मिळू नये?

वस्तीत आहाराची माहिती आपण जरूर द्यावी. पण ज्याला पर्यायच नाही, त्याला पथ्याचा उपदेश करून आपले काम संपत नाही. तो पर्याय रेशनच्या दुकानात मिळावा, ही मागणी आपण केलीच पाहिजे.