परदेशची वाट आणि पारोळ्याचा रस्ता



मी सातवी शिकलेली. चुकले तर पदरात घ्या.

मुंबईचा योगेश आळेकरी १ मे २०२५ रोजी मोटारसायकलवर एकटाच लंडनला निघाला. १७ देश ओलांडले. दर सरहद्दीला नवी भाषा, नवे अन्न, केवढी मौज! पण ३१ ऑगस्टला इंग्लंडात, नॉटिंगहॅमला, न्याहारी करून येतो तो गाडीच चोरीला गेलेली. पासपोर्टसुद्धा तीवरच. वाचून माझा जीव कळवळला.

मी आपली जळगाव-धुळे. उणेपुरे नव्वद किलोमीटर. त्याला देशोदेशीचे व्हिसे लागले, मला एक घरचाच, आणि तो मिळायला दोन वर्षे गेली. "या वयात गाडी? पडलीस म्हणजे?" आईला भेटायचे तर कोणीतरी मोकळे सापडेपर्यंत थांबायचे.

गेल्या माघात स्कूटरवर एकटी निघाले. एरंडोलपर्यंत हात कापत होते, खोटे कशाला सांगू? पारोळ्याला चहा घेतला. शेजारची म्हातारी म्हणाली, "एकलीच शेस का माय?" परदेशात असे कोण विचारणार!

धुळ्याला आई दारातच होती. माझ्यामागे बघत म्हणाली, "सोडायला कोण आलंय?"