जुन्या फटफटीचा नवा रंग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून एका सरकारी नोकराने उभे राहून मोटारसायकलीच्या मडगार्डाला रंग कसा द्यावा हे सांगावे, यात औचित्यभंग आहे असे कोणास वाटल्यास आमची तक्रार नाही. परंतु चिटणीसांनी अटच अशी घातली की, जे स्वतःच्या हाताने केले असेल तेच सांगावे. फायलींवर शेरे मारण्याखेरीज आम्ही स्वतःच्या हाताने केलेले असे हे एकच काम आहे.

आमची फटफटी १९६८ सालची जावा. आमचे वडील, ती. अण्णा, सातारा जिल्ह्यात गुरांचे डॉक्टर होते. त्यांनी ती नवी घेतली आणि सेवानिवृत्तीपर्यंत वाड्यावस्त्यांवरून चालविली. त्यांच्या पश्चात ती घराच्या पडवीत कित्येक वर्षे पोत्याखाली उभी होती. आमची बदली चंडीगढास झाल्यावर मातोश्री आमच्याकडे राहावयास आल्या आणि त्यांच्यामागोमाग, टाकीतले पेट्रोल रिकामे करून, रेल्वेच्या पार्सलाने ही फटफटीही आली.

जावा हे नाव झेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून हे नाव केले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून ही गाडी निघू लागली. पुढे तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. ज्या दांड्याने किक मारावयाची त्याच दांड्याने गिअर टाकावयाचा, ही तिची खूण. दुसरी खूण म्हणजे तिचा गर्द तांबडा रंग आणि त्यावरील बारीक सोनेरी रेषा. या दुसऱ्या खुणेसाठीच आम्ही हा उद्योग आरंभिला, कारण रंगाच्या जागी आता बराचसा गंजच उरला होता.

रंगकाम म्हणजे रंग लावणे, असा आमचाही समज होता. प्रत्यक्षात रंग लावण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या दसपट वेळ पूर्वतयारीस लागतो. गाडी सोडविताना प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या डबीत ठेवून वर चिठ्ठी लावावी, छायाचित्रे काढून ठेवावीत. मग जुना रंग उतरवावयाचा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने तो पोलादावरून निघतो. पण तेच पाणी ॲल्युमिनियमला लागले तर धातूच विरघळतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून इंजिनाच्या भागांस त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. रंग काढण्याच्या तयार द्रावणांत बहुधा मिथिलीन क्लोराइड असते. ते कातडी भाजते आणि बंद खोलीत त्याची वाफ श्वासावाटे गेल्यास रक्तात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅरेजचे दार सताड उघडे ठेवण्याविषयी सौ.ने जो आग्रह धरला तो शास्त्रशुद्ध होता, हे आम्ही येथे जाहीरपणे मान्य करतो.

जुन्या रंगात शिसेही असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीच्या रंगांविषयी सावध राहिलेलेच बरे. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने घासावा आणि तो लगदा पुसून वेगळा ठेवावा. अंगणात मुले खेळत असतात, हे विसरू नये.

गंज निघाल्यावर फॉस्फोरिक आम्लाचा हात द्यावा, म्हणजे उरलेल्या गंजाचे लोह-फॉस्फेट होते आणि वरचा रंग घट्ट धरतो. त्यावर अस्तराचा थर, खड्ड्यांत लांबी, पुन्हा घासणे, पुन्हा अस्तर. कागदाचे क्रमांक २२०, ४००, ८०० असे चढत जावयाचे. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा पत्रा बोटाला खडबडीत लागतो. या कामात डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा, असे मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटातील एका वृद्ध रंगाऱ्याने आम्हांस शिकविले.

त्याच रंगाऱ्याने श्रावणात रंग देऊ नका असेही बजावले होते. आम्ही ऐकले नाही. पुढच्या मडगार्डावर ड्यूकोचा हात दिला आणि पाहता पाहता तांबड्या रंगावर पांढुरके धुके पसरले. कारण साधे आहे. रंगातील पातळ द्रव झपाट्याने उडून जातो तेव्हा पत्रा थंड पडतो आणि हवा दमट असली की तिच्यातील बाष्प त्या ओल्या थरावर जमते. चंडीगढात मे-जूनमध्ये आंधीची धूळ, जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा आणि जानेवारीत धुके. रंगाऱ्यास खरे दोनच मोसम मिळतात: एक होळीनंतरचा आणि एक दसरा-दिवाळीचा. आम्ही ते मडगार्ड घासून काढले आणि दसऱ्याची वाट पाहिली.

टाकी मात्र घरी रंगविली नाही. ड्यूकोवर पेट्रोल सांडले तर डाग पडतात, आणि आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते तर हा रंग मऊच करते. तेथे दोन भाग मिसळून वापरावयाचा पॉलियुरेथेन रंग हवा. त्यातील आयसोसायनेट फवाऱ्यावाटे फुप्फुसात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि त्याच्या वासावरून धोका कळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा असल्याशिवाय तो फवारू नये. अशी सोय आमच्या गॅरेजात नाही. म्हणून टाकी सोय असलेल्या कार्यशाळेत दिली. त्यात कमीपणा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण स्वीकारले, तिच्याकडे वळतो.

या गाडीला दोन बाजूंस दोन पेट्या असतात. एका रात्री दिव्याच्या उजेडात आम्ही उजव्या पेटीच्या झाकणाला आतून-बाहेरून द्रावण फासले आणि ते उलटे टाकून निजलो. सकाळी कापसाने पुसले तेव्हा रंगाच्या लगद्याबरोबर आतील बाजूने पांढरे काही निघून येत होते. हात थांबविला तोवर एकच शब्द उरला होता: "कळवावे". अक्षर अण्णांचे होते, कुंचल्याने लिहिलेले.

झाकण घेऊन आम्ही मातोश्रींकडे गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी त्यावरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, "अपघात झाल्यास पुढील पत्त्यावर कळवावे, असं होतं. खाली माझं नाव होतं. ते रात्री-अपरात्री जायचे ना, घाटातून. मला म्हणाले होते, तू काळजी करू नकोस, लिहून ठेवलंय." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "दुसरं झाकण पाहिलंस का?"

दुसरे झाकण पाहिले नव्हते. त्याच्या आत इंजिन कधी उघडले, साखळी कधी बदलली, यांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या. शेवटच्या तारखेपुढे काहीच नव्हते.

भगिनी आणि बंधूंनो, ज्या अण्णांच्या आठवणीसाठी आम्ही गाडी नवी करीत होतो, त्यांच्याच हातचा मजकूर आम्ही पुसून टाकला. पत्र्याचा रंग पुन्हा देता येतो. मूळ मात्र एकदा गेले की गेले. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून मान्यता दिली. त्या नियमांत चासी आणि इंजिन यांचा विचार आहे. झाकणाच्या आतील अक्षरांचा नाही. तो आपण करावयाचा.

याच चंडीगढात पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली घडलेल्या सागवानी खुर्च्या सरकारी कचेऱ्यांतून भंगार म्हणून निघाल्या आणि परदेशी लिलावांत मोठ्या किमतीस गेल्या, तेव्हा कोठे त्यांचे मोल आपल्याला उमगले. अशा यादीवर सही करणारा कोणी दुष्ट नसतो. तो आमच्यासारखाच घाईत असतो. जागा मोकळी करावी आणि सगळे स्वच्छ दिसावे, एवढीच त्याची इच्छा असते.

आम्ही पुढे काय केले, ते सांगून संपवितो. मडगार्डे, चासी आणि दिव्याची वाटी गर्द तांबडी झाली. सोनेरी रेषा त्या वृद्ध रंगाऱ्याने श्वास रोखून, एका दमात ओढल्या. ते काम आमच्या हातचे नव्हते. दोन्ही झाकणे बाहेरून रंगविली, आतून नाहीत. डाव्या झाकणाच्या आत तारखा आहेत तशाच आहेत. उजव्या झाकणातील "कळवावे" या शब्दावर रंगहीन रोगणाचा एक पातळ हात दिला. गेलेला मजकूर तशाच अक्षरात पुन्हा लिहून घ्यावा, असे एका स्नेह्यांनी सुचविले. मातोश्री म्हणाल्या, "नको. मला पाठ आहे."

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. कार्यालयाला रंग देण्याचा ठराव झाला आहे, तो योग्यच आहे. एवढीच विनंती, की कपाट हलविण्यापूर्वी त्याची दारे आतून पाहावीत. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर कोणी वर्गणीचा हिशेब किंवा गणपतीच्या नाटकातील पात्रांची नावे लिहून ठेवली असतील. जे ज्येष्ठ सभासद आज समोर बसले आहेत, त्यांना ती अक्षरे कोणाची हे अजून ओळखता येईल. हे काम रंगाऱ्याला बोलावण्याच्या आदल्या दिवशी करावे, दुसऱ्या दिवशी नव्हे.