यंत्रास आज्ञा देण्याची विद्या

कारखान्यांतील यंत्रांस क्रमवार आज्ञा देणारा लहान संगणक म्हणजे पीएलसी. साखर कारखान्यांसाठीं ख्यात असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील तरुणानें ही विद्या कशी शिकावी?

प्रथम यंत्रापाशीं उभें राहावें. साखरेपासून मळी वेगळी करणारें यंत्रच घ्या. फिरत्या टोपलींत दाट पाक घेणें, वेग वाढवून मळी काढणें, साखर धुणें, वेग उतरल्यावरच ती खरवडणें, हा क्रम कागदावर उतरला कीं अर्धी विद्या साधली.

पीएलसी १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेंत रिले-तारांच्या जंजाळाऐवजीं आला. म्हणून त्याच्या आज्ञा आजही शिडीसारख्या आकृतींत मांडतात. तो यंत्राकडील खुणा वाचतो, शिडी वरून खालीं सोडवितो, मग आज्ञा देतो. हें चक्र अखंड चालतें.

परंतु खरी परीक्षा ‘थांबा’ या कळीची. तिच्यांतून वीज नेहमीं वाहती ठेवावी. म्हणजे कळ दाबली काय किंवा तार तुटली काय, यंत्र थांबतेंच. उलट जोडणी केल्यास तुटलेली तार कोणासच कळत नाहीं, आणि ऐन वेळीं कळ व्यर्थ ठरते. केवळ नक्कल करणारास हें उमगत नाहीं. ‘तार तुटली तर?’ असें प्रत्येक ओळीस विचारणारासच ही विद्या प्रसन्न होते.