शेतात सापडलेल्या ताम्रचकतीची ओळख

मी विद्वान नव्हे. देवासात शाळामास्तरकी करता करता जुनी नाणी जमविण्याचा नाद लागला, एवढाच माझा अधिकार. स्मरणग्रंथ समितीने मजवर एक काम सोपविले, त्याचा वृत्तांत आपणांस सांगावयाचा आहे.

गतवर्षी हरभऱ्याच्या काढणीच्या वेळी मठाच्या शेतात एका भगिनीची सोन्याची अंगठी पडली. माळव्याची काळी माती. तीत पडलेली वस्तू हाताने कोठे सापडणार? त्यांच्या भाच्याने धातुशोधक यंत्र आणले. धातू जवळ आला की हे यंत्र आवाज करते. बांधाजवळ ते वाजले, सर्वजण धावले, मुलाने वीतभर माती उकरली, आणि हाती आली ती अंगठी नव्हे, तर हिरवट कळंक चढलेली, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी अशी तांब्याची चकती. तिला काठाशी भोक होते. एका बाजूस मुकुट घातलेले स्त्रीमुख होते आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी ‘५८’ असा आकडा दिसत होता.

संध्याकाळपर्यंत त्या चकतीला कुंकू लागले. मुकुट म्हणजे देवी, आणि देवासच्या टेकडीवर तर तुळजाभवानी व चामुंडा या दोन्ही देवींचा वास. तेव्हा हे देवीचेच मुख, असे ठरले. भोक आहे त्याअर्थी हा ताईत. मठाच्या भूमीत सापडला त्याअर्थी तो महाराजांनी कोणा भक्तास दिलेला असणार. महाराजांच्या हातचा प्रसाद म्हणून चकतीचे छायाचित्र ग्रंथाच्या पहिल्या पृष्ठावर छापावे, अशी सूचना आली आणि ती जवळजवळ संमतही झाली. समितीतील एका सद्गृहस्थांनी मात्र हळूच विचारले, “छायाचित्राखाली मजकूर काय छापावयाचा?” त्या प्रश्नामुळे चकती माझ्या घरी आली.

मी प्रथम सर्वांस हात जोडून एक विनंती केली की, हिला चिंच-मीठ लावू नका. आपल्या घरांत तांबे दिसले की ते घासून लख्ख करण्याची सवय असते. देवाच्या उपकरणांस ते शोभते. परंतु जुन्या वस्तूवरचा कळंक खरवडला की त्याबरोबर अक्षरेही निघून जातात. मी केवळ कोरड्या मऊ कुंचल्याने माती झाडली.

मग सराफाच्या काट्यावर वजन केले. ते १.९४ ग्रॅम भरले. सराफ हसून म्हणाले, “मास्तर, हे आमचे वजन आहे, बरोबर दोन मासे!” आणि हिशेब खरा होता. तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे बारा मासे. दोन मासे म्हणजे १.९४ ग्रॅमच. दोन दिवस मीही तसेच समजून चाललो. परंतु सोने तोलावयाच्या वजनावर स्त्रीचे मुख कोण कोरील? आणि त्याला भोक पाडून कोणता सराफ आपलेच वजन हलके करील? केवळ एका मापावर विसंबलो असतो तर येथेच फसलो असतो.

कोणी म्हणाले, हा कुळदेवतेचा टाक असावा. टाक आपल्या देव्हाऱ्यांत असतातच. आपण घरी जाऊन एखादा पालथा करून पाहावा. पातळ पत्र्यावर ठोकून आकृती उठविलेली असते, म्हणून पुढे उठाव तर मागे खळगा असतो. या चकतीस दोन्ही बाजूंनी उठाव आहे. म्हणजे ती दोन ठशांच्या मध्ये धरून छापलेली आहे, आणि असे काम टांकसाळीचे असते. संस्थानी शिपायाचा ५८ क्रमांकाचा बिल्ला असावा, असाही एक तर्क होता. पण शिपायाने छातीवर लावावयाचा बिल्ला इतका लहान का करतील?

उरले ते नाणे. पण कोणाचे?

रात्री दिवा जमिनीलगत ठेवून चकती तिरकस उजेडात फिरवीत बसलो. समोरून पाहता जे दिसत नाही ते कडेच्या उजेडात सावली धरते. स्त्रीमुखाच्या उजव्या अंगास चार इंग्रजी अक्षरे वर आली: आर, ई, एस, एस. हा ‘एम्प्रेस’ या शब्दाचा शेवट. मुकुटधारी देवी म्हणजे इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया! आपण तिला कुंकू लाविले, याचे मला हसू आले आणि क्षणभर धास्तीही वाटली. कारण हे सांगावयाचे कसे?

तरीही कोडे पुरते सुटले नव्हते. माझ्या संग्रहात धार संस्थानचे १८८७ सालचे एक लहान तांब्याचे नाणे आहे. ते शेजारी ठेवले तर राणीची बाजू हुबेहूब तीच. याचे कारण इतिहासात आहे. १८७६ साली इंग्रज सरकारने कायदा केला की, जी संस्थाने आपल्या टांकसाळी बंद करतील त्यांची नाणी सरकारी टांकसाळीत पाडून मिळतील. एका बाजूस राणी आणि दुसऱ्या बाजूस संस्थानाचे नाव. अलवार, बिकानेर, धार आणि देवास यांनी ही सवलत घेतली. म्हणून धारच्या आणि देवासच्या पैशावर मुख एकच. भेद पाहावयाचा तो पाठीवर.

पाठीवर भोकाने व झिजेने बरीच अक्षरे नेली होती. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घेतला, तेव्हा काठाशी डब्ल्यू, ए, एस ही तीन अक्षरे उमटली. ‘धार’ या नावात ही अक्षरे अशी येत नाहीत. ‘देवास’च्या इंग्रजी लेखनाचा शेवट मात्र नेमका असाच होतो. आणि तो ५८? ठशाकडे टक लावून पाहता पाहता उलगडले की, तो आकडाच नव्हे. इंग्रजी एस झिजला की इंग्रजी पाचासारखा दिसतो आणि बी झिजला की आठासारखा. ती अक्षरे एस. बी., म्हणजे सीनियर ब्रँच, आपली थोरली पाती!

येथील वृद्धांस हे सांगणे नलगे. पण तरुणांसाठी सांगतो. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी पवार या दोघा भावांनी देवासचे राज्य केले, आणि पुढे त्यांच्या वंशांत ते थोरली पाती व धाकटी पाती असे वाटले गेले. गाव एक, टेकडी एक. राजे दोन, वाडे दोन, कचेऱ्या दोन. १८८८ साली नाणी पाडून घेण्याची वेळ आली, तेव्हा थोरल्या पातीत दुसरे कृष्णाजीराव व धाकटीत नारायणराव गादीवर होते. दोघांची नाणी त्याच वर्षी, त्याच मापाची निघाली. फरक एका अक्षराचा, एकावर एस. बी. आणि दुसऱ्यावर जे. बी. पैशाशिवाय दोन पात्यांचे चालत नव्हते, पण एका पैशावर दोघांचे भागतही नव्हते. ज्या देवासात १९७४ पासून भारतीय चलनी नोटा छापल्या जातात, त्या देवासचा हा जुना पैसा.

पैसाही नव्हे, पै. एक आण्याचा बारावा भाग. १९२ पया मिळून एक रुपया. नवी असता तिचे वजन २.१६ ग्रॅम आणि व्यास सुमारे साडेसतरा मिलिमीटर. व्यास जुळला. वजनातील तूट झिजेने व भोकाने झाली, आणि नेमकी दोन माशांवर येऊन थांबली, हा योगायोग.

आता त्या भोकाविषयी. ते मुकुटाच्या बरोबर वर, मुख सरळ राहील अशा बेताने पाडलेले आहे. बाजारात चालणारे नाणे कोणी उगाच भोसकत नाही. कोणी तरी ही पै दोऱ्यात ओवून गळ्यात घातली असावी. बहुधा लहान मुलाच्या, कारण मोठ्या माणसास पै कशाला पुरते? आपल्याकडे नाणे गळ्यात घालण्याची रीत जुनी आहे. व्हेनिसची सोन्याची नाणी पुतळ्या होऊन आपल्या आयाबहिणींच्या माळांत आली, ती काय व्हेनिसच्या अभिमानाने? तेव्हा ‘हा ताईत आहे’ असे म्हणणारी मंडळी अगदीच चुकली नव्हती. ओवणाऱ्या मातेने त्या मुखात कोण पाहिले, हे चकती सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. महाराजांच्या हातचा प्रसाद असे मात्र तिच्यावर कोठेही लिहिलेले नाही.

हे मी समितीपुढे मांडले तेव्हा काही मुखे उतरली. एका वयोवृद्ध माताजींनी विचारले, “मास्तर, भक्तांची श्रद्धा घालवून तुम्हाला काय मिळाले?” मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर धारची लाट आठवली. लाट मशिदीजवळ त्या प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत; सगळे मिळून सुमारे ४३ फूट लांबी. लोक सांगत आले की, ती एका राक्षसी तेलिणीच्या तराजूची दांडी. कथा गोड आहे. मी लहानपणी आवडीने ऐकली आहे. परंतु इतके लोखंड इतक्या जुन्या काळी ज्या कारागिरांनी तापवून, ठोकून जोडले, त्यांचे श्रम त्या तेलिणीच्या नावावर गेले. आपल्या पैबाबतही, महाराजांचे नाव घालून मी त्या अनामिक मातेचा दोरा तोडला असता. दुसऱ्या दिवशी माताजींना हेच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत; पण त्यांनी पुन्हा एकदा चकती पाहावयास मागितली, आणि भोकावरून बराच वेळ बोट फिरविले.

तरुण मंडळींस एक सूचना. यंत्र हाती आले म्हणून मांडूस किंवा धारच्या संरक्षित स्थळी जाऊन उकरू नका. तेथे परवान्यावाचून उत्खनन करणे हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, म्हणून या पैविषयी कलेक्टर कचेरीस आपण लेखी कळविले आहे. आपल्या शेतात काही लाभले तर कोठे, किती खोल आणि कशाशेजारी, हे तेव्हाच कागदावर टिपावे. इंग्लंडात १९९७ पासून यंत्राने शोधणाऱ्यांच्या अशा नोंदी ठेवण्याची योजना आहे. तेथील अभ्यासक वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व देतात. आमच्या मुलाने बांधाची जागा दाखविली, पण ‘वीतभर’ यापलीकडे खोली त्याला सांगता आली नाही.

छायाचित्र पहिल्या पृष्ठावर नसून आतील पानावर येईल. त्याखालील मजकूर समितीने मान्य केला आहे, तो असा: ‘तांब्याची पै, देवास संस्थान, थोरली पाती, इ. स. १८८८. भोक पाडून गळ्यात घातलेली. मठाच्या शेतात बांधाजवळ सापडली.’ मुकुटाच्या खाचेत कुंकवाचा कण दिसेल. तो मी काढलेला नाही.

अंगठी अद्याप सापडलेली नाही. कोणास आढळल्यास मठाच्या कार्यालयात आणून द्यावी, ही विनंती.